काशीराम वस्तादांचा गोड पंधरवडा

काशीराम वस्तादांनी देवीला कौल लावला, तिथंच घोटाळा झाला. मिऱ्या गावाचा हुतूतूचा संघ मालगुंडकडून लागोपाठ दोन वर्षं हरला होता आणि यंदा काय केलं तर ढाल मिळेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण देवीला प्रश्न घालतो गुरव. गुरवाचं घर मैदानाला लागून, आणि वस्तादांच्या शिव्या ऐकून त्याचे कान किटलेले.

"आई, सामना होईपर्यंत काशीरामानं शिव्या बंद केल्यान, तर ढाल येल काय?" गुरवानं विचारून टाकलं. देवीच्या अंगावर चिकटवलेल्या दोन कळ्यांपैकी उजवी टपकन पडली. म्हणजे होकार. देवीपुढं वस्तादांचं काही चालेना.

दुसऱ्या दिवशी संघाचा हुकमी गडी सदू चढाईत सपशेल आपटला आणि सवयीनं मान खाली घालून उभा राहिला.

"असू दे हो, सदाशिवराव," वस्ताद म्हणाले. "लागलं नाय ना?"

सदू हादरला. सहा वर्षांत वस्तादांनी त्याला 'ठोंब्या'शिवाय हाक मारली नव्हती, आणि त्या हाकेवरच तो पळत होता. अहोजाहो करायचं ते परक्या माणसाला. त्यानं मुद्दाम आणखी दोन चुका केल्या. दोन्ही वेळा शाबासकी मिळाली. घरी येऊन त्यानं पेजेला हातसुद्धा लावला नाही.

"आये, वस्तादांनी मला टाकलानी," तो म्हणाला. "आता खेळून काय करू?"

पंधरा दिवसांनी सामना झाला, तेव्हा सदू मैदानात पाहुण्यासारखा वावरत होता. पहिल्या डावात मिऱ्या तीन गुणांनी मागे पडला. वस्तादांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण कौल मोडायचा कसा? शेवटी त्यांच्या पत्नीला, मथुराबाईंना राहवेना. वीस वर्षं नवऱ्याचं ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं, आणि देवीनं त्यांना काहीच बजावलं नव्हतं. पदर खोचून त्या रेषेवर आल्या.

"मेल्या सद्या! त्या पोरांना धरतोस काय पाळण्यात घालतोस? हल जागचा, ठोंब्या!"

सदूच्या अंगात वारं शिरलं. त्यानं एका दमात तीन गडी मारले, मग आणखी दोन. मिऱ्यानं दोन गुणांनी ढाल जिंकली.

आता वस्ताद बोलायला मोकळे होते. पण सदूला पाहताच त्यांचे डोळे भरले आणि साठवलेली एकही शिवी आठवेना. त्यांनी त्याला पोटाशी धरलं.

"पोरा, असा खेळ मी जन्मात बघितला नाय."

सदूचा चेहरा पडला. हळूच सुटून तो मथुराबाईंच्या पाया पडला.

"काकी, उद्यापासून मैदानावर तुम्हीच या. वस्तादांचं माझ्यावरचं मन उडालं."