अस्वलांच्या कंपनीत शेळी

एका जंगलात, बाळांनो, अस्वलांची मधाची कंपनी होती. मालक अस्वल, कारकून अस्वल, पहारेकरीही अस्वलच. मोहोळं भरपूर, गिऱ्हाईक भरपूर, पण नफा औषधालाही नाही. कारण जो मधाच्या कोठीत जाई, तो मिशा पुसतच बाहेर येई. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलणार कोण?

मालक केसाळरावांनी दूरच्या जंगलातून सल्लागार पोपट बोलावला.

"विविधता आणा, नफा वाढतो," पोपट म्हणाला. "सगळीकडे सिद्ध झालंय."

"म्हणजे करायचं काय?"

"अस्वल नसलेलं एखादं जनावर ठेवा."

अशी भिंगरी शेळी कोठीवर लागली. रोज हिरव्या चाऱ्याचा एक भारा, हा पगार. उन्हाळ्यानं रान वाळलेलं आणि घरी करडं भुकेली, त्यामुळे ही नोकरी टिकवणं तिला भागच होतं. मधाची तिला मुळात आवडच नव्हती. ती दारात बसून रवंथ करी आणि कुणालाही उगाच आत सोडत नसे. वर्षअखेर नफा दुप्पट झाला! पोपटानं येऊन हार घालून घेतला.

अस्वलं मात्र कुरकुरू लागली. "ती आपल्यात मिसळतच नाही हो. पंगतीला बसते आणि पाला खाते!"

केसाळरावांनी तिला बोलावलं. "भिंगरीबाई, काम उत्तम आहे तुमचं. पण कंपनी म्हणजे एक कुटुंब. जरा मिळूनमिसळून वागा."

"म्हणजे कसं, साहेब?"

"आमच्यासारखं."

भिंगरीला करडं आठवली. तिनं डोळे मिटून मध चाटला. शी! पण चाटला बिचारीनं, आणि मला तिचा रागही येत नाही. मग ती कोठीचं दार सताड उघडं ठेवू लागली. घरच्या माणसांना अडवायचं कसं? अस्वलं तिला प्रेमानं 'भिंगरीताई' म्हणू लागली.

पुढच्या वर्षी कंपनीचं दिवाळं निघायची वेळ आली. सभा भरली. सगळी अस्वलं मिशा पुसून गंभीर बसली. भिंगरीच्या दाढीला मात्र मध तसाच होता.

"बघा," केसाळराव हळहळले, "विविधतेचा प्रयोग आम्ही अगदी मनापासून केला. नाही साधला."

भिंगरीची नोकरी त्याच सभेत गेली. कोठीवर केसाळरावांचा भाचा लागला. तो पहिल्याच दिवशी सगळ्यांत मिसळला.

तात्पर्य : कंपनीत एक तरी वेगळं जनावर जरूर ठेवावं. तोटा झाला, की कारण शोधत रानोमाळ हिंडावं लागत नाही.