तीन वर्षांच्या हमीचं छप्पर

प्लास्टिकच्या कागदाचं भविष्य सांगावं तर मीच! ज्योतिषाला पत्रिका लागते, मला नुसता तुकडा पुरतो. आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो अतिनील दिव्यांखाली ठेवायचा की झालं, उन्हात तो कधी मान टाकणार हे मी छातीठोक सांगतो. कागद बनवताना एक भुकटी मिसळली, तर तो वर्षानुवर्षं ऊन झेलतो. दुसरी मिसळली, तर चार-पाच महिन्यांत चुरा! आणि दिसायला दोघे जुळे भाऊ.

सासऱ्यांना मात्र या विद्येचं काडीचं कौतुक नाही. "आमचे जावई पिशव्या बनवतात," असं ते बारा वर्षं लोकांना सांगत आलेत. त्यामुळे त्यांनी गच्चीवर गुलाबाच्या रोपांसाठी मांडव घातला, तेव्हा मी पुढे सरसावलो. आता यांना दाखवतोच!

"छप्पर माझ्याकडून! तीन वर्षांची हमी!"

"लिहून देता?"

दिलं! सहीसकट!

पाचव्या महिन्यात त्यांचा फोन आला. "जावईबापू, तुमचं छप्पर चहात पडलं."

"कुणाच्या चहात?"

"माझ्या. पुन्हा गाळून प्यायलो."

धावत गेलो. छपराला बोट लावलं, तर वाळक्या पानासारखा तुकडा हातात आला!  

पण डगमगेल तो मी कसला! माझं निदान तयार होतं. गोदामवाल्याने रोलवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करून चुरा होणारा कागद माझ्या गळ्यात मारला होता. दुसऱ्या दिवशी हे मी साहेबांना इतकं ठणकावून सांगितलं, की त्यांनी मशीनच बंद केलं.

"चिठ्ठी बदलली असेल तर मिशी उतरवीन!" गोदामवाला गरजला.

दहा दिवस आम्ही त्या मालाच्या एकूण एक रोलचे तुकडे दिव्यांखाली भाजले. एकही मोडेना! मिशी शाबूत राहिली.

"मग तुमचंच छप्पर कसं मोडलं?" साहेब म्हणाले. "चला, दाखवा."

गच्चीवर त्यांनी एक तुकडा उचलला. बोटांना पिवळी पूड लागली. त्यांनी ती नाकाशी नेली.

"गंधक?"

"हो तर," सासरे म्हणाले. "गुलाबांवर भुरीची बुरशी पडते ना! दर आठवड्याला धुरळतो."

"अहो, गंधकाने आमची ऊन झेलणारी भुकटी निकामी होते! या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल! चालेल म्हणून तुम्हाला सांगितलं कोणी?"

 सासऱ्यांनी मलाच विचारलं होतं, फोनवर. आणि मी ऐटीत म्हणालो होतो, "मारा बिनधास्त! कागद कोणाचा आहे!"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशी आयती वेळ त्यांना बारा वर्षांत मिळाली नव्हती.

"शेजाऱ्याने," ते शांतपणे म्हणाले.

"महामूर्ख दिसतोय!"

"आहेच," सासरे अगदी मनापासून म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही ओळखता त्याला?"

"तोंडओळख आहे," मी पुटपुटलो.

साहेब जिना उतरून गेले.  मी सासऱ्यांच्या पाया पडायला वाकलो, तर ते दोन पावलं मागे सरले.

"उठा, उठा! तुमच्यासाठी नाही केलं. पोरीसाठी तुम्हाला पसंत केलं होतं ते मीच! चारचौघांत माझी अक्कल कशाला काढून घेऊ?"