एका हाताचा चाकू

पटलेभाऊ चाकू विकत घ्यायला जातात तेव्हा उजवा हात दुपट्ट्यानं कंबरेला करकचून बांधून घेतात. गोंदियाच्या भर बाजारात, दुकानदाराच्या देखत. मागची गाठ मारायला मी.

गोंदियाजवळच्या कामठा गावात आमचं घर त्यांच्या घराला लागून, म्हणून ही सेवा माझ्या नशिबी आली. चाकू कसला, तर खिशात मावणारा, घडीचा, स्वस्तातला चायना माल. दुकानदार हौसेनं एकेक नमुना फटकन उघडून दाखवतो. भाऊंवर ढिम्म परिणाम नाही.

"उघडते तं कोनताही. बंद कसा होते, ते सांग."

मग डाव्या हाताची झटापट. पातं मांडीला टेकवायचं, अंगठ्यानं खटका दाबायचा आणि चाकू खाली पाडायचा. खटका हमखास उजव्या हाताच्या सोयीचा.

"चायनात डावखुरे पैदाच नाई होत का गा?" भाऊ मला विचारतात, जणू मी कालच तिकडून आलो.

"चाचा, चाकू लेना है कि इम्तिहान?" दुकानदार वैतागतो.

घरपोच मागवलेलेही नापासच. नापास चाकू भाऊ वाटून टाकतात. आमच्या गल्लीत आता पेरू खायला कुणी दात वापरत नाही.

एकदा मी विचारलंच, "भाऊ, तुमचे दोन्ही हात धड आहेत. कायले हे सोंग?"

"माहे आहेत," ते म्हणाले. "तिचा एकच हाय."

ती म्हणजे वहिनी. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला. पाय सावरले, पण घरामागच्या बाडीत जाणं सुटलं. वांगी, भेंडी देठासकट कापून ओच्यात टाकायची, ही त्यांची रोजची सकाळ होती. उघडी सुरी कंबरेला खोचावी तर पडायची भीती; घडीचा चाकू न्यावा तर उघडायला-मिटायला भाऊंना हाक मारावी लागे. "रोज कोनाकोनाले बलावू?" म्हणत त्या बाडीकडे पाठ करून बसायच्या. तेव्हापासून गाठ मी आपणहून, पक्की मारू लागलो.

परवा एक चाकू पास झाला. पात्याला दोन्हीकडून अंगठ्यानं ढकलायची बोंडं, खटका पाठीवर. भाऊंनी तो वहिनींपुढे ठेवला. त्यांनी अंगठ्यानं उघडला, मांडीला टेकवून मिटला, परत उघडला, परत मिटला. मग कंबरेला खोचून बाडीकडे निघाल्या. भाऊ मागोमाग.

"तुमी कायले येऊन राहिले? बसा घरात."

भाऊ कुंपणाशी माझ्याजवळ थांबले. वहिनींनी पातं आणि अंगठा यांच्यात देठ धरला. कापायला बराच वेळ लागला. वांगं मातीत पडलं. भाऊ धावणार, तोच मी त्यांचा दुपट्टा धरला. वहिनींनी सावकाश चाकू मिटला, खोचला, वाकून वांगं उचललं आणि पुढच्या झाडाकडे गेल्या.

भाऊ उघड रडत होते.

"आता मले कोनी हाक नाई मारनार," ते म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.