मोहरीतला धोत्रा

लोणचं घालण्याआधी मोहरी आपण एकदा नजरेखालून घालावी, एवढंच मी ठरवलं होतं. (मी काही ठरवलं की आमच्या घरात सगळे सावध होतात. सगळे म्हणजे माझी बायको, श्यामला. आम्ही दोघंच असतो.)

निमित्त वर्तमानपत्राचं. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं बी अजिबात चालत नाही. अजिबात म्हणजे एकही नाही. दिसायला ते मोहरीसारखंच, पण पोटात गेलं की पाय सुजतात, जास्त गेलं तर जिवावर बेततं. पेणच्या एका सरकारी कचेरीत सत्तावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस मी. नियम वाचला की तो कोण मोडतंय हे शोधायला लागतो. त्या दिवशी घरात मोहरीशिवाय दुसरा संशयित नव्हता.

मोहरी आली होती रोह्याहून. माझ्या सासूबाई, गिरजाबाई, दर वर्षी बाजारातून सुटी मोहरी घेतात, स्वतः निवडतात आणि आम्हाला पाठवतात. मूठभर मोहरी पांढऱ्या बशीत ओतून मी खिशातलं भिंग काढलं, आणि ओरडलो, "श्यामला! तीन सापडले!"

"कोण तीन?"

"धोत्र्याचे दाणे!"

"आईनं निवडलीय ती मोहरी. आजवर साधा खडा निघाला नाही."

"कायदा आईबिई ओळखत नाही."

"कायदा दुकानदारांना आहे. आयांना नाही." (या मुद्द्यावर माझा अभ्यास कमी पडला.) मीठ-हळद लावलेल्या कैरीच्या फोडी परातीत खोळंबल्या होत्या. श्यामलानं हात धुतले. "आता तुम्हीच जा आणि तिला विचारा. पण तिला दुखावलंत, तर यंदा लोणचं विसरा."

तीन दाणे पुडीत बांधून मी रोह्याची गाडी पकडली. स्टेशनबाहेर सासूबाईंचे शेजारी केरू स्कूटरवर भेटले.

"असे अवचित? काय काम काढलाव?"

"मोहरीचं प्रकरण आहे. कायद्याचं," मी जरा भारदस्त आवाजात म्हणालो.

केरूंनी मला मागे बसवायचं सोडून स्कूटर पिटाळली. मी घामाघूम होऊन पोचलो, तर ओटीवर आळीतल्या चार बायका आणि मधोमध सासूबाई, हातात आधारकार्ड घेऊन.

"जावयानं सासूला नोटीस आणलीय म्हणं," एक बाई म्हणाली.

"द्या जावईबापू, कुठं सही करू?" सासूबाई म्हणाल्या. "फक्त पोलिसांना बाहेरच थांबवा. आताच लादी पुसलीय."

"आई, नोटीस नाही हो! तीन दाणे आहेत फक्त!"

बायका निराश होऊन आपापल्या घरी गेल्या. सासूबाईंनी पुडी तळहातावर उलटी केली. पण दाण्यांकडे पाहिलंच नाही. एकेक दाणा चिमटीत चोळला, नाकाशी नेला.

"ह्यो ओवा हाय. ह्यो पण ओवाच. जेवल्यावर ओवा खाता ना तुम्ही?"

(खातो. शर्टाच्या खिशात ठेवतो. भिंगही त्याच खिशात असतं.)

तिसरा दाणा मात्र त्यांच्या बोटांत बराच वेळ फिरत राहिला. "ह्यो खरखरीत लागतोय. धोत्राच हाय." त्यांचा चेहरा उतरला. "सुटला माझ्या हातून. लेकीच्या ताटात विष गेलं असतं."

येताना गाडीत मी अख्खा नियम पाठ केला होता. त्यातला एकही शब्द आठवेना.

"नाही आई, तो मीच आणलाय. नमुना म्हणून. कचेरीतून."

"कचेरीत धोत्रा उगवतो?"

"कंपाउंडला."

सासूबाई हसल्या. "खोटं बोलताना तुमचा आवाज बारीक होतो. दिसत नाय, पण ऐकू येतं मला."

"दिसत नाही?"

त्यांनी दाणा पुन्हा पुडीत बांधला. मग हळूच म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, सगळं धुक्यातल्यासारखं दिसतं. मोहरी हातानंच निवडते. ताट तिरपं धरायचं. मोहरी घरंगळते, धोत्रा मागं अडतो. मग बोटांनी चाचपायचं. तीन दिवस लागतात. श्यामूला सांगू नका. तिला कळलं तर ती काय करू द्यायची नाय. मग मी करायचं काय नुसतं बसून?"

मी त्यांच्याशेजारी लादीवर बसलो. "श्यामलाला मी सांगणार आहे. पण मोहरी तुम्हीच निवडायची, दर वर्षी. आधी फक्त डोळे दाखवू."

"आणि तुम्ही?"

"मी ताट धरीन."

घरी येऊन सांगितलं तेव्हा श्यामला कैरीच्या परातीपाशीच रडली. मग आम्ही सगळी मोहरी तिरप्या ताटावरून घरंगळवली. आणखी एकही धोत्रा निघाला नाही. "बरं झालं भिंग लावलंत," ती म्हणाली. (लग्नानंतरचं हे माझं पहिलं कौतुक. मी तारीख लिहून ठेवलीय.)

पंधरवड्यानं पेणलाच सासूबाईंचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. सासूबाईंनी श्यामलाचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळे भरून पाहिला. "किती बारीक झालीस गो!" तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी छान हसून पुढे झालो.

त्यांनी घाईघाईनं डोक्यावरून पदर घेतला आणि श्यामलाच्या कानाशी कुजबुजल्या,

"अगो, तुझे सासरे आलेत नि मला सांगितलं नाहीस?"