गोधडीची चौथी कड

पासपोर्ट जपून ठेवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. पुढचं सगळं त्यातून झालं.

पासपोर्टाचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण मी शाळेत जेमतेम दोन वर्षं गेलो. (मी अक्षरं ओळखतो, अक्षरं मला ओळखत नाहीत.) दिल्लीत एका सरकारी खात्यात चाळीस वर्षं दफ्तरी होतो. दफ्तरी म्हणजे फायली शिवणारा. दुसऱ्यांची नावं असलेले ढीगभर कागद शिवले, पण माझं नाव छापलेलं हे पहिलंच पुस्तक. ते मी नोएडाच्या आमच्या सोसायटीत घरोघर दाखवलं. खालच्या मजल्यावरच्या भल्लासाहेबांनी समोसा खाता खाताच ते हातात घेतलं, तेव्हा ठरवलं, आता बस.

जायचं होतं मॉरिशसला. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ बळवंत कोकणातून बोटीत बसून तिकडे ऊस तोडायला गेले, ते परत आलेच नाहीत. त्यांच्या पाचव्या पिढीतले दीनानाथ तिथल्या मराठी मंडळातर्फे आम्हाला सापडले. फोनवर म्हणाले, "आजोबा, गावाकडचं काहीतरी घेऊन या. आमच्याकडे बळवंतांचं काहीच नाही हो."

सुमित्राने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच दिवशी गोधडी शिवायला घेतली. माझ्या आजीचं लुगडं, वडिलांचं धोतर, माझी खाकी वर्दी, मुलाचा, जयंताचा शाळेचा शर्ट, नातीचं झबलं. पाच पिढ्या एका पांघरुणात. तिच्या हातचा धावदोरा असा बारीक, की मुंगीनेही रांग शिकून घ्यावी. ती गोधडी तिथल्या मंडळात सगळ्यांसमोर दीनानाथांच्या घरच्यांना द्यायची आणि मी दोन शब्द बोलायचे, असं ठरलं. त्या दोन शब्दांसाठी सूनबाई नीलाने मला नवी कवळी करून दिली. जुनीत 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची, म्हणून ती टाकून दिली.

दौऱ्याचा प्लॅन जयंताने लॅपटॉपवर केला. पहिल्या दिवशी समुद्र, दुसऱ्या दिवशी डोंगर. सुमित्राने तो शांतपणे ऐकला आणि विचारलं, कापडाची दुकानं कुठे आहेत? सात दिवसांत तिने चार दुकानं घातली आणि एक आख्खा दिवस तिथल्या शिवणाऱ्या बायकांसाठी राखला.

"आई, समुद्र दिल्लीत नाही," जयंता म्हणाला.

"तिथलं कापडही नाही. आणि समुद्राचा तुकडा कापून आणता येत नाही."

शेवटी समुद्र एका दुपारवर आला, तोही दोन दुकानांच्या मधे.

आता पासपोर्ट. माझी आई जमिनीचे कागद वाकळीच्या थरात ठेवायची. चोर पेटी नेतो, वाकळ कोण नेणार? गोधडी आमच्या हातातच राहणार होती, म्हणून मी सगळ्यांचे पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आजीच्या लुगड्याखाली सरकवले. तीन कडा शिवून झाल्या होत्या, चौथी उघडी होती. विमानतळावर हात घालून काढायचे, असा माझा बेत.

दोन दिवसांनी सुमित्राचं मनगट धरलं. एकावन्न वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ती म्हणाली, "अहो, ही शेवटची कड तुम्ही घालता का? तुमचा टाका पक्का असतो."

यानंतर माणसाला पासपोर्ट आठवतो का? मी दाभण काढलं, मेण लावलेला दुहेरी दोरा घेतला आणि फायलीची शिवण घातली. (माझ्या शिवणीतून एक कागद काढायचा तर साहेब आख्खी फाइल बदलायचे.) सुमित्राने गोधडीला हळदकुंकू लावलं.

निघायच्या दिवशी, दहाची टॅक्सी असताना, नऊला जयंताने पासपोर्ट मागितले. मी सावकाश गोधडीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

नीलाने कात्री आणली. सुमित्रा गोधडीवर बसली. म्हणाली, हळदकुंकू लागलेल्या गोधडीला कात्री लावायची नाही. शिवणाऱ्याने उसवावी. मग सुईच्या टोकाने मी एकेक टाका उचलू लागलो. जयंता घड्याळाकडे बघत होता, टॅक्सीवाला खालून फोन करत होता आणि खरं सांगतो, मला मनातून अभिमान वाटत होता. काय टाका घातला होता! पावणेअकराला पिशवी निघाली. विमान मिळालं, पण कड उघडीच राहिली, कारण सुई विमानात नेऊ देतील की नाही, याची कोणाला खात्री नव्हती.

दीनानाथांच्या घरी त्यांच्या आई चंद्रप्रभाबाईंनी गोधडी मांडीवर घेतली आणि बराच वेळ नुसता हात फिरवला. जेवण झालं. नवी कवळी टोचत होती. मी ती रुमालात गुंडाळून जपून ठेवली आणि खुर्चीतच डोळा लागला.

जागा झालो तो संध्याकाळी, तेही मंडळात जायची घाई सुरू झाल्यावर. हॉल भरलेला. चंद्रप्रभाबाईंनी गोधडी उलगडून दाखवली. चौथी कड त्यांनी दुपारी स्वतः शिवली होती. सुमित्राने टाका निरखून पाहिला आणि माझ्या कानात म्हणाली, "माझ्यासारखाच आहे हो. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब."

मग मला बोलायला उभं केलं. वाक्य पाठ होतं: बळवंत जाताना अंगावरच्या कपड्यांनिशी गेले, म्हणून आम्ही पाच पिढ्यांचं पांघरूण घेऊन आलोय. मी तोंड उघडलं आणि कळलं, आपण कवळी जपून कुठे ठेवली ते.

मी गोधडी चाचपू लागलो. लोकांना वाटलं, आजोबा पूर्वजांना कुरवाळताहेत. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुमित्राने माझ्या गालांकडे पाहिलं, सगळं ओळखलं आणि उठून माझं वाक्य तिनेच म्हटलं. माझ्यापेक्षा बरंच. टाळ्या थांबेनात. परतताना मी खुणेने गोधडीकडे बोट दाखवलं, तर ती म्हणाली, "गप बसा. तो टाका उसवायचा नाही."

उरलेले दिवस मऊ भातावर काढले, चारही दुकानांत मुकाट पिशव्या धरून उभा राहिलो.

परवा दीनानाथांचा फोन आला. थंडी पडलीय, आई रोज गोधडीच घेते, म्हणाले. फक्त एका कडेला काहीतरी चावतं म्हणते.

"घाबरू नका म्हणावं," मी सांगितलं, "घरचंच माणूस आहे."

तेही सुमित्राला फोनवर पुन्हा सांगावं लागलं. दुसरी कवळी यायला अजून आठवडा आहे.