विषय : सोलं आत घेण्याबाबत

वारा कुठून येतो हे एका देवालाच ठाऊक असतं. पण तो कधी येणार हे जाहीर करायचा अधिकार कुणाला, याला ठराव लागतो. कातळवाडीने तो चार वर्षांपूर्वी केला. बांद्यापासून अकरा किलोमीटरवरच्या या गावाच्या डोक्यावर सडा आहे. मैलभर सपाट कातळ, औषधालाही झाड नाही. चैत्र-वैशाखात घाटाकडून पाऊस घेऊन सुटलेला वारा या सड्यावरून जो धावतो तो थेट आंब्याच्या बागांतच येऊन थांबतो, आणि अर्ध्या तासात झाडावरचा हापूस जमिनीवर असतो. म्हणून 'ग्रामस्तरीय वादळवारा पूर्वानुमान समिती' स्थापन झाली. अध्यक्ष सरपंच हरिश्चंद्र. सचिव सदानंद गुरुजी, कारण त्यांचं अक्षर सुंदर होतं. (अंदाज वर्तवायला याहून वेगळी पात्रता लागते, असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.)

गुरुजींनी हे काम जीव ओतून केलं. छत्तीस वर्षं शाळेत घालवून ते निवृत्त झाले, आणि पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आलं की रस्त्यात आपल्याला कुणी थांबवत नाही. हे त्यांना फार लागलं होतं. आता पंचायतीच्या फळ्यावर ते रोज सकाळी खडूने अंदाज लिहीत, आणि निदान चार माणसं तरी मागे उभी राहत. त्यातले दोघे एसटीची वाट बघत असत, पण गुरुजी त्यांनाही धरत.

समितीला वारा मोजायचं यंत्र मिळालं. उघड्यावर ठेवलं तर वाऱ्याने त्याचं नुकसान होईल ही बाब अध्यक्षांच्या वेळीच ध्यानात आली आणि यंत्र कपाटात कुलूपबंद झालं. तेव्हापासून कातळवाडीतला वाऱ्याचा वेग अधिकृतपणे शून्य आहे. वादळ नोंदलं गेलं नाही असा हा पंचक्रोशीतला एकमेव गाव.

तरीही अंदाज बरोबर येत. पहिल्या तीन वर्षांत गुरुजींनी वाऱ्याचे एकशे बारा अंदाज लिहिले, त्यातले एकशे नऊ अचूक ठरले. याचं श्रेय 'तुरळक ठिकाणी' या दोन शब्दांना द्यायला हवं. 'तुरळक ठिकाणी सोसाट्याचा वारा सुटण्याची शक्यता.' गुरुजींचा जुना विद्यार्थी लवू याच्या बागेत वारा झाला तर लवू हे तुरळक ठिकाण. नाही झाला तर तो उर्वरित भाग. (चुकलेले तीन अंदाज लिहिताना खडू संपत आला होता, म्हणून ते दोन शब्द गाळावे लागले.) लवूने एकदा विचारलंसुद्धा, "गुरुजी, ह्या तुरळक खंय इला? दोडामार्गाकडे?" गुरुजींनी त्याला शाळेतलं नापासाचं वर्ष आठवेल अशा नजरेने पाहिलं.

अडचण एवढीच होती की गाव फळ्यावर विश्वास ठेवत नसे. गाव बघत असे गुरुजींच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. तिथे त्यांची पत्नी विमलाबाई चटईवर कोकमाची सोलं वाळत घालीत, आणि सोलं आत गेली की लोक झेले, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठ्या, घेऊन आंब्यांवर चढत. फळ्यावर 'आकाश निरभ्र' असो की काहीही असो, सोलं आत म्हणजे वारा आला. तीन वर्षांत सोलं सत्तावीस वेळा आत गेली, सत्तावीस वेळा वारा आला. शास्त्रीय दृष्ट्या हा आकडा संशयास्पद आहे, कारण त्यात 'शक्यता' कुठेच नाही.

समितीने या समांतर यंत्रणेची गंभीर दखल घेतली. ठराव झाला, आणि सचिवांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात स्वतःच्या बायकोला पत्र लिहिलं. 'विषय : सोलं आत घेण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, फळ्यावर अधिकृत सूचना लागल्याखेरीज आपण सोलं हलवू नयेत.' पत्र पोचल्याची सही गुरुजींनी जेवताना घेतली. विमलाबाईंनी सही केली आणि विचारलं, "आणि भात वाढू की तेकाव ठराव व्हयो?"

यंदाच्या मे महिन्यात 'वारा-सज्ज गाव' या सन्मानासाठी गाव तपासायला जिल्ह्याहून साहेब यायचे ठरले. पंचायतीपुढे मांडव पडला. पाहुण्यांना संदिग्ध काही वाचायला लागू नये म्हणून हरिश्चंद्राने त्या दिवशी 'तुरळक' काढायला लावलं. गुरुजींनी लिहिलं : 'हवामान कोरडे. वारा सुटणार नाही.' असं सरळ वाक्य त्यांनी फळ्यावर कधीच लिहिलं नव्हतं.

नवा सदरा घालून ते निघाले, तर विमलाबाई दारात.

"अवो, आज दुपारचो वारो येतलो. सोलां जेवणाआधी आत घेतंय."

"विमल, आजचो दिवस नको गो. तू चटई उचललंस तर सगळो गाव मांडवातसून उठतलो. साहेबांसमोर माझी लाज जातली."

"वर्साची सोलां ती. भिजली तर काय तुमच्या समितीची कढी वाढू पानात?"

गुरुजी नुसते उभे राहिले, नव्या सदऱ्याचं बटण चाचपत. विमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बरा. जावा तुमी. ठेवतंय."

मांडवातून रस्त्यापलीकडचं खळं स्वच्छ दिसत होतं. व्यासपीठावर साहेब आणि गुरुजी, समोर लवू आणि चाळीस बागायतदार, प्रत्येकाचा झेला खुर्चीला टेकवलेला. साहेब पूर्वसूचनेचं महत्त्व सांगत होते, आणि चाळीस माना पूर्वसूचनेकडे वळलेल्या होत्या. (साहेबांना वाटलं, गाव लाजाळू आहे.) सोलं बाहेर होती, म्हणून सगळे निवांत होते.

एकटे गुरुजी निवांत नव्हते. सड्यामागे आभाळ शाईसारखं झालं होतं. चटईजवळ विमलाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. आभाळाकडे बघत नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या. आपल्या शब्दासाठी ही बाई वर्षाची सोलं भिजू देणार, आणि तिच्या सोलांकडे बघत ही चाळीस माणसं आपला वर्षाचा आंबा मातीत जाऊ देणार, हे गुरुजींना त्या क्षणी कळलं. साहेब 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या शब्दावर आले होते. गुरुजी उठले, व्यासपीठावरून उतरले, रस्ता ओलांडला आणि त्यांनी चटईचं एक टोक धरलं.

"आता फळ्यार काय लिवतलास?" विमलाबाईंनी दुसरं टोक धरत विचारलं.

"मरो तो फळो," गुरुजी म्हणाले.

चटई उंबऱ्यात पोचायच्या आत मांडव रिकामा झाला होता. पाऊण तासाने वारा आला, त्याने मांडव नेला, फळा नेला. पण आंबा बहुतेक सगळा पेट्यांत होता. गुरुजी आता राजीनामा कसा लिहायचा या विचारात होते. पण साहेबांनी अहवालात लिहिलं, 'सचिवांनी केलेल्या सांकेतिक इशाऱ्यास ग्रामस्थांनी चार मिनिटांत प्रतिसाद दिला,' आणि सन्मान कातळवाडीलाच मिळाला. सोबत विमलाबाईंना वैयक्तिक बक्षीस म्हणून विजेवर चालणारं वाळवण यंत्र आलं, जेणेकरून त्यांची सोलं वाऱ्यापासून कायमची सुरक्षित राहावीत.

सोलं आता स्वयंपाकघरात वाळतात. खळं रिकामं असतं. परवा दुपारी हवा अशी कोंडली की पान हलेना, तेव्हा सगळा गाव झेले घेऊन त्या रिकाम्या खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला.

"काकी, सोलां भायर नाय," लवू म्हणाला, "मग वारो येतलो ता आमका कसा कळतला?"

"माझ्या खळ्यात काय आसा रे? वर बघा, वर! माका काय तुमच्यापेक्षा वेगळा आभाळ दिल्यानी?"

सगळ्यांनी मुकाट्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लवूने हळूच विचारलं, "बघला. आता ह्येचो अर्थ काय?"

लवूला हसू नका. तुम्ही आत्ता जिथे बसून हे वाचताय, तिथे वारा कुठल्या दिशेने येतोय? (फोन न बघता सांगायचं.)