छत्रीखालचा उपचार

देवाजीबाबूंचा घसा ठणठणीत होता, फक्त साहेब समोर आला की तो बंद पडे. मागच्या पाहणीत चांद्याच्या मोठ्या साहेबांनी जंगलखात्याच्या आलापल्लीतल्या लाकूड डेपोत या कारकुनाला विचारलं, "बाबू, माल कसा आहे?" देवाजींनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. तेव्हापासून रेंजरसाहेबांनी बजावून ठेवलं होतं, "यंदा मुके राहिलात तर बदली भामरागडला." पावसाळ्यात भामरागडची वाट बंद होई. तिकडे गेलेला माणूस दिवाळीलाच दिसे.

"साहेबापुढं बोलत काऊन नाई तुमी?" म्हणत शेवटी रुखमाबाईने नवऱ्याला डॉक्टर गंधेवारांकडे नेलं. नागपूरहून आलेले हे डॉक्टर नव्या विचारांचे. त्यांनी घसा पाहिलाच नाही.

"माणूस म्हणजे नुसता घसा नव्हे, बाई. शरीर, मन, गाव, सगळं एकच आहे. यांना गावच्या दंडारीत राजाचं सोंग द्या. आणि उपचारात सगळ्यांना घ्या, एकही माणूस बाहेर नको."

दंडारीसारख्या नाचगाण्याच्या खेळाला गावाला एरवीही निमित्त लागत नसे, इथे तर डॉक्टरांचा हुकूम होता. डेपोमागे दुपारच्या तालमी सुरू झाल्या. मिशाळ मुखरू राणी झाला, हमाल लालसूने ढोल घेतला. उरले रेंजरसाहेब आणि राजावर छत्री धरणाऱ्याचं काम. साहेब आधी भडकले, मग गाव हसेल म्हणून स्वतःची छत्री घेऊन आले.

राजाने पहिला हुकूम सोडला तो शेजारच्या राणीलाही ऐकू गेला नाही.

"मोठ्यानं बोला," साहेब खेकसले.

"साहेब, छत्रीवाल्याला बोलणं नाही," डॉक्टर म्हणाले.

साहेब गप्प झाले, आणि गंमत म्हणजे त्यांना बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. ते रोज वेळेआधी येऊ लागले.

हळूहळू राजाचा आवाज फुटला. एके दिवशी "छत्री सरळ धर बे," असं तो गरजला आणि साहेबांनी ती धरली. त्या संध्याकाळी देवाजी घरातही राजासारखे शिरले.

"राणी, जेवन आन."

"भात चुलीवर हाय," रुखमाबाई म्हणाली. "राजानं वाढून घ्यावा." पण मनातून ती सुखावली होती.

पाहणीच्या दिवशी ऊन रणरणत होतं. उपचाराचा गुण पाहायला डॉक्टरही आले होते. मोठ्या साहेबांनी तोच प्रश्न विचारला. देवाजींनी एक पाय सागाच्या ओंडक्यावर ठेवला.

"माल चांगला हाय, ठेवनारे चांगले नाईत. अर्धा साग उघड्यावर सडून राह्यला. छप्पर मागून मागून मी थकलो."

हे मागणं त्यांनी आजवर मनातल्या मनातच केलं होतं. मागे उभ्या रेंजरसाहेबांचा चेहरा पडला, पण हाताला सवय झालेली. त्यांनी छत्री उघडली आणि देवाजींच्या डोक्यावर धरली. मोठे साहेब उन्हातच होते.

मोठ्या साहेबांनी घाम पुसला आणि ते हसले.

"असाच माणूस मी शोधत होतो. भामरागडला ठेकेदारांपुढे कुणाचा आवाजच निघत नाही. यांना पावसाआधी तिकडे पाठवा."

"उपचार पूर्ण झाला," डॉक्टर कृतार्थ होऊन म्हणाले. देवाजींनी तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं.

घरी रुखमाबाई भांडी गोणीत भरत होती.

"इतकी वर्सं बोला बोला म्हनत होती मी. तुमाले बोलाले आजचाच दिवस सापडला?"

"तू नोको येऊ," देवाजी हळूच म्हणाले. "तिकडं लय हाल हायत."

"अन् मंग छत्री कोन धरन?" म्हणून तिने गोणीचं तोंड बांधलं.